तुम्ही विचारलंत म्हणून: सावकाश श्वास घेतला की एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) वाढतो, मग ताण गेला का?

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मनगटावर स्मार्टवॉच आल्यापासून ओळखीपाळखीचे लोक हटकून विचारतात, "मॅडम, सकाळी एचआरव्ही कमी होता, ताण जास्त आहे असं घड्याळ म्हणालं. पाच मिनिटं दीर्घ श्वसन केलं तर आकडा झरझर वर गेला. एवढ्यात ताण गेला?"

आकडा वाढला तो श्वासामुळे. ताण गेला की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.

हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, त्याचं माप म्हणजे एचआरव्ही. नाडी मिनिटाला ७० असली तरी ठोके समान अंतरानं पडत नाहीत. श्वास घेताना जवळ येतात, सोडताना लांबतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानं हे १८४७ मध्येच नोंदवलं होतं. हृदयातला नैसर्गिक पेसमेकर, म्हणजे ठोके सुरू करणारा पेशींचा पुंजका, एकटा सोडला तर मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. व्हेगस हा मेंदूकडून येणारा मज्जातंतू त्याला लगाम घालतो. श्वास घेताना लगाम सैल पडतो, सोडताना आवळला जातो, आणि परिणाम एकदोन ठोक्यांतच दिसतो.

आमच्या प्रात्यक्षिकात हे कागदावर दिसतं. विद्यार्थ्याला आडवं करून ईसीजी लावायचा आणि हात वरखाली करत सांगायचं: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. मग पट्टीवरच्या दोन उंच टोकांमधले मिलिमीटर मोजायचे आणि १५०० ला त्यांनी भागायचं. श्वास घेताना १७ मिलिमीटर आले तर नाडी ८८, सोडताना २२ आले तर ६८. फरक २० चा. दुसऱ्या दिवशीच्या व्हायव्हानं (तोंडी परीक्षेनं) धास्तावलेल्या पोरांचाही फरक असा भरघोस येतो.

सहाच श्वास का? रक्तदाब वाढला की मानेतल्या धमन्यांमधले संवेदक नाडी उतरवतात, दाब उतरला की चढवतात. या चढउताराची एक फेरी साधारण दहा सेकंदांची. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लाटा एकमेकींत मिसळून मोठ्या होतात. इटलीतल्या ल्युचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की लॅटिनमधली रोझरी (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) म्हणा किंवा 'ओम मणि पद्मे हुं'चा जप करा, श्वास मिनिटाला सहाच्या आसपासच येतो. मला हा अभ्यास फार आवडतो.

यातूनच एक घोटाळा होतो. काही ॲप ठोक्यांमधल्या मंद आणि जलद लाटांचं गुणोत्तर काढून त्याला 'ताण' म्हणतात. सीमा ०.१५ हर्ट्झची, म्हणजे मिनिटाला ९ श्वासांची. तुम्ही त्याहून सावकाश श्वास घेतलात की श्वासाची लाट 'मंद' गटात जाते आणि निवांत बसलेल्या माणसाचा ताण वाढलेला दिसतो! श्वासाचा वेग बघितल्याशिवाय अशा आकड्याला अर्थ नाही.

म्हणून मोजायचंच असेल तर सकाळी उठल्या उठल्या, पडल्या पडल्या, न बोलता, सहज श्वासावर मोजा. एका दिवसाच्या आकड्यानं घाबरू नका, काही आठवड्यांचा कल बघा. मुलाच्या आकड्याशी तुलना तर नकोच, कारण वयानुसार एचआरव्ही उतरतोच. आणि दीर्घ श्वसनानं बरं वाटत असेल तर ते जरूर करा. त्यासाठी घड्याळाची परवानगी लागत नाही.

एका बाबतीत मात्र श्वासामुळे होणारा हा बदलच आम्हाला हवा असतो. जुन्या मधुमेहात व्हेगसला इजा झालेली असू शकते. वर सांगितलेल्या चाचणीत फरक १५ किंवा जास्त असला तर ठीक, १० किंवा कमी आला तर शंका घ्यायची. वय जास्त असेल तर तेही धरायचं. मधुमेह बऱ्याच वर्षांचा असेल आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तुमच्या डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारा.