फाशीच्या वॉरंटनंतरचे दिवस

11 नोव्हेंबर 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने नोएडातील निठारी येथल्या मुलांच्या हत्याकांडातील आरोपी सुरेंद्र कोली याची क्युरेटिव्ह याचिका (फेरविचार याचिकाही फेटाळल्यावर उरणारा शेवटचा उपाय) मान्य केली आणि उरलेल्या एकमेव खटल्यातूनही त्याला निर्दोष सोडले. ते वाचताना मला 2014च्या सप्टेंबरमधली एक रात्र आठवली. याच खटल्यातल्या शिक्षेसाठी कोलीला मेरठच्या तुरुंगात आणले होते, वॉरंट निघाले होते, आणि मध्यरात्र उलटल्यावर त्याच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाकडून स्थगिती मिळवली होती. त्या वकिलांवर तेव्हा चौफेर टीका झाली. वकिली करत असूनही त्या वेळी मला ती टीका फारशी खटकली नव्हती, हे आज कबूल केले पाहिजे.

स्थगितीचे कारण अगदी साधे होते. त्याच आठवड्यात, 2 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने महंमद आरिफ खटल्यात असे ठरवले होते की, फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका न्यायमूर्तींच्या दालनात केवळ कागद फिरवून निकाली काढता येणार नाही; ती तीन न्यायमूर्तींपुढे, खुल्या न्यायालयात, तोंडी युक्तिवाद ऐकूनच निकाली काढावी लागेल. कोलीला ही सुनावणी मिळालेली नव्हती. पुढे ती मिळाली आणि याचिका फेटाळलीही गेली. पण तोवर मिळालेल्या अवधीत अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे दुसरा प्रश्न गेला. दयेच्या अर्जावर तीन वर्षांहून अधिक काळ निर्णय न झाल्याने जानेवारी 2015 मध्ये त्या न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. 2023 मध्ये त्याच धर्तीच्या पुराव्यावर उभे असलेले बाकीचे 12 खटले उच्च न्यायालयात टिकले नाहीत. तेव्हा, त्याच कबुलीजबाबावर आणि त्याच जप्तीवर एकट्या या खटल्यातली शिक्षा कशी उभी राहणार, हा प्रश्न विचारायला माणूस जिवंत होता.

जीता सिंगच्या बाबतीत असे झाले नाही. उत्तर प्रदेशातील एकाच खून खटल्यात जीता सिंग, कश्मीरा सिंग आणि हरबन्स सिंग या तिघांना सारख्याच सहभागासाठी फाशी झाली होती. तिघांची अपिले वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेली. कश्मीरा सिंगची शिक्षा 1977 मध्ये कमी होऊन जन्मठेप झाली, पण ती बातमी जीता सिंगच्या फायलीपर्यंत कोणी पोहोचवली नाही आणि 6 ऑक्टोबर 1981 रोजी त्याला फाशी देण्यात आली. हरबन्स सिंगची फाशीही त्याच दिवशी व्हायची होती. त्याने ऐन वेळी याचिका केली, म्हणून तो वाचला. 1982 च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तुरुंग अधीक्षकांवर एक कर्तव्य घातले: फाशी देण्यापूर्वी, सहआरोपींपैकी कोणाची शिक्षा कमी झाली आहे का, याची त्यांनी स्वतः खात्री करून घ्यावी. कोलीची फाशी रद्द करणाऱ्या अलाहाबादच्या खंडपीठाचे प्रमुख त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टातला फाशीच्या वॉरंटचा नमुना ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी एकदा पाहावा. तो जेमतेम एका परिच्छेदाचा आहे. कैद्याच्या नावाची मोकळी जागा, वेळेची आणि ठिकाणाची मोकळी जागा, आणि शेवटी अधीक्षकांना आज्ञा की, शिक्षा अमलात आल्याचा शेरा मारून हे वॉरंट न्यायालयाला परत करावे. कैद्याला हे केव्हा कळवायचे, त्याच्या वकिलाला नोटीस द्यायची की नाही, याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नाही. ती उणीव निकालांनी भरून काढली. 2014च्या शत्रुघ्न चौहान निकालाने दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस ठेवले, ते कैद्याला मनाची तयारी करता यावी, इच्छापत्र करता यावे, घरच्यांना प्रवास करून शेवटचे भेटता यावे आणि कायद्याचा जो काही मार्ग उरला असेल तो पाहता यावा, म्हणून. त्याच्या आदल्याच वर्षी अफझल गुरूच्या कुटुंबाला पाठवलेले स्पीड पोस्ट फाशीनंतर दोन दिवसांनी पोहोचले होते. 2015 मध्ये घरच्यांच्या खुनासाठी फाशी झालेल्या उत्तर प्रदेशातील शबनमच्या प्रकरणात तर अपील फेटाळल्यावर सहाच दिवसांत वॉरंट निघाले, म्हणजे फेरविचार याचिकेची मुदत संपायच्याही आधी. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले.

याकूब मेमनचे उदाहरण मला उलट बाजूने महत्त्वाचे वाटते. 30 जुलै 2015 रोजी पहाटे सव्वातीननंतर न्यायालय बसले, दीड तासाहून अधिक ऐकले, याचिका फेटाळली आणि सकाळी सात वाजेपर्यंत नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फाशी झालीही. म्हणजे शेवटच्या सुनावणीने शिक्षा टळतेच असे नाही. बॉम्बस्फोटांत घरची माणसे गमावलेल्यांना ती रात्र असह्य झाली असेल, हे मी समजू शकतो. तरीही ते दीड तास देणे योग्यच होते असे माझे मत आहे.

पीडितांच्या कुटुंबांचा संताप खरा असतो, मात्र तो बहुतेक वेळा चुकीच्या दाराशी जातो. पुण्यातल्या 2007 च्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात राष्ट्रपतींनी दयेचे अर्ज मे 2017 मध्ये फेटाळले आणि वॉरंट निघाले एप्रिल 2019 मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षे कोणत्याही वकिलाने खाल्लेली नाहीत. कार्यालयांच्या पत्रापत्रीत ती गेली. मुंबई उच्च न्यायालयाने येरवड्यातली ठरलेली फाशी थांबवून 35 वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष स्थापन करावा, असे आदेशही त्याच निकालात दिले.

आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 472 ने दयेचा अर्ज करण्यासाठी 30 दिवसांची मुदत घातली आहे, आणि राज्यपाल व राष्ट्रपती यांनी त्यावरचा निर्णय कसा घेतला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असेही म्हटले आहे. अलाहाबादेत आणि येरवड्याच्या प्रकरणात न्यायालयांनी नेमके हेच तर तपासले होते: अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता. राज्यघटनेने दिलेला न्यायिक पुनर्विलोकनाचा अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही, असे मला ठामपणे वाटते. पण 30 दिवसांची मुदत मला अधिक जवळून सतावते. विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या एका साध्या अपिलात मला निकालाची प्रमाणित प्रत हाती पडायला तीन आठवडे लागले होते, आणि त्यानंतर वकीलपत्रावर कैद्याचा अंगठा घेऊन यायला आणखी नऊ दिवस.