टोकियोतले जागरण

सोफिया कोपोला यांचा २००३ सालचा ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ हा चित्रपट मला अतिशय जवळचा वाटतो, आणि म्हणूनच तो ज्यांना कंटाळवाणा वाटला त्यांचे म्हणणे मी नेहमी लक्षपूर्वक ऐकतो. व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोला आलेला, उतरणीला लागलेला एक अमेरिकी नट आणि छायाचित्रकार नवऱ्यासोबत आलेली एक तरुणी एका उंच हॉटेलात भेटतात. दोघांनाही झोप लागत नाही. याहून फारसे काही घडत नाही, ही तक्रार खरीच आहे. परंतु खिडकीशी गुडघे जवळ घेऊन बसलेली ती तरुणी खाली पसरलेले शहर पाहत राहते, तेव्हा परक्या गावातल्या एकटेपणाची सारी घटना तिथेच घडून गेलेली असते, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. जपानी माणसांचे इंग्रजी उच्चार आणि त्यांची उंची यांवर हा चित्रपट हशा मिळवतो, आणि ज्यांच्या शहरात ही गोष्ट घडते तेच तिच्यात केवळ पार्श्वभूमी होऊन राहतात, असे काही आशियाई वंशाच्या प्रेक्षकांनी म्हटले. ठेंगण्या शॉवरखाली वाकून उभ्या राहिलेल्या नटाचे दृश्य पाहताना पूर्वी मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

शेवटी भर गर्दीत तो तिच्या कानात काही पुटपुटतो, ते आपल्याला नीट ऐकू येत नाही. कित्येकांना ही फसवणूक वाटते. मला ते शब्द त्या दोघांपाशीच राहू द्यावेसे वाटतात.