सॅमनचा हंगाम ठरताना : फॉस्टर सिटीतला अनुभव

रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मासेमारीची बंदी नवी नसते. 1 जून ते 31 जुलै होड्या वर ओढलेल्या, तारखा सगळ्यांना पाठ. कॅलिफोर्नियात गळाने सॅमन धरायला लागलो तेव्हा कळलं, की इथे हंगाम दरवर्षी नव्याने ठरतो आणि तो ठरत असताना कुणीही जाऊन बोलू शकतं. 2023 मध्ये हंगामच होणार नाही अशी चिन्हं होती, म्हणून मी ही प्रक्रिया पहिल्यापासून धरली.

ठरवणारी संस्था म्हणजे पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल. मतदानाचा हक्क असलेले 14 सदस्य: राज्यांचे मत्स्य विभाग, मूळनिवासी जमातींचा प्रतिनिधी, केंद्राचा अधिकारी, बाकीचे या क्षेत्रातले जाणकार. हंगामाआधी अंदाजाचे आकडे येतात, मार्चमध्ये तीन पर्याय मांडले जातात, एप्रिलमध्ये एक निवडतात.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो अंदाजाच्या अहवालावर. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. समुद्रातले मासे कुणी मोजू शकत नाही. म्हणून आदल्या वर्षी नदीत परतलेले दोन वर्षांचे नर मोजतात. हे आपल्या भावंडांच्या एक वर्ष आधी परततात. ते किती आले यावरून समुद्रात मागे किती उरले असतील याचा हिशेब मांडतात. बाकीची माहिती धक्क्यावर मिळते. हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातल्या, काही पिल्लांच्या नाकात बारीक तारेची खूण बसवून पाठीवरचा छोटा पर कापलेला असतो. असा मासा मिळाला की धक्क्यावर उभा असलेला सरकारी माणूस त्याचं डोकं मागून घेतो. मीही दिली होती. त्या डोक्यांचं पुढे काय होतं, हे अहवाल वाचताना समजलं: तारेवरच्या खुणेवरून मासा कुठल्या हॅचरीतला आणि कोणत्या वर्षीचा ते कळतं.

त्या वर्षीचे आकडे वाईट होते. सॅक्रामेंटो नदीच्या शरद ऋतूतल्या चिनूक (सॅमनची एक जात) माशांचा समुद्रातला अंदाज सुमारे 1,70,000 होता. नदीत अंडी घालायला किमान 1,22,000 पोहोचावेत असं उद्दिष्ट आहे, म्हणजे कागदावर थोडी जागा उरत होती. पण आदल्या वर्षी समुद्रातला अंदाज 3,96,000 च्या आसपास असताना नदीत परतले ते जेमतेम 62,000. इतका चुकलेला अंदाज समोर असताना त्या उरलेल्या जागेवर भरवसा कोण ठेवणार? उत्तरेला क्लॅमथ नदीचा अंदाजही फार खाली गेला होता. शिवाय याच समुद्रात सॅक्रामेंटोच्या हिवाळी चिनूकही फिरतात, ज्या नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. गळाला कुठल्या नदीचा मासा लागेल हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे सगळ्यात दुबळ्या कळपाकडे पाहूनच मर्यादा ठरते, आणि मला ते पूर्ण पटतं.

मार्चच्या तिन्ही पर्यायांत कॅलिफोर्नियाचा समुद्र बंदच होता. तरी एप्रिलच्या बैठकीला गेलो. ती आमच्याच सॅन फ्रान्सिस्को खाडीकाठी, फॉस्टर सिटीत होती. नाव नोंदवायचं, पुकारा झाला की बोलायचं, वेळ मोजून. त्या मिनिटांत काय बसवायचं हे ठरवायला मला भाषणापेक्षा जास्त वेळ लागला.

माझ्या आधी बोललेले लोक पोट या धंद्यावर असलेले होते. बोटीचे हप्ते चालू, खलाशी दुसरं काम शोधतायत, आणि तरीही हंगाम बंद करा म्हणणारे त्यांच्यात होते. माझ्यासारख्या हौशी माणसाला बंदी मागणं सोपं आहे. त्यांनी मागितली याचं मोल फार मोठं आहे.

मी दोनच गोष्टी मांडल्या. बंदीला पाठिंबा, आणि नदीच्या पाण्याची मागणी. हे मासे दुष्काळाच्या वर्षांत जन्मले. सॅक्रामेंटोवरच्या शास्ता धरणाखालचं पाणी तापलं की अंडी मरतात, प्रवाह आटला की पिल्लं समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. कौन्सिलच्या हातात फक्त गळ आणि तारखा आहेत. धरणाचे दरवाजे दुसऱ्यांच्या हातात. समुद्रातल्या माणसाने सगळं सोडायचं आणि शेतीला, शहरांना जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न तसाच ठेवायचा, हा न्याय मला मान्य नाही. तिथे तसंच म्हणालो.

त्याच आठवड्यात बंदी मंजूर झाली. 2024 मध्येही समुद्र बंद राहिला. 2025 मध्ये व्यावसायिक मासेमारी सलग तिसऱ्या वर्षी बंद होती. हौशी लोकांना 7 आणि 8 जून मिळाले, 7,000 माशांच्या मर्यादेत. त्या दोन दिवसांतच मर्यादा ओलांडली गेली आणि उन्हाळ्यातले राखीव दिवस रद्द झाले.

तुम्हाला बोलायचं असेल तर मार्चचे पर्याय जाहीर झाल्यावर बोला, एप्रिलपर्यंत बरंचसं ठरलेलं असतं. लेखी मतही चालतं. मी आता दोन पत्रं पाठवतो: एक कौन्सिलला आणि दुसरं राज्याच्या जल मंडळाला. दुसऱ्या पत्रात माशांच्या संख्येबद्दल कमी आणि पाण्याच्या तापमानाबद्दल जास्त लिहितो.