एतोशा: पश्चिमेचा रस्ता, स्टेपनी आणि ‘संपूर्ण’ विमा

नामिबियातील एतोशा राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत फिरण्याचा बेत आखणाऱ्यांना ‘साधी मोटारही चालते’ असे सर्रास सांगितले जाते. ओकाउक्वेयो, हलाली आणि नामुतोनी या तीन मुख्य तळांपुरते ते खरे आहे. परंतु पश्चिमेच्या गाल्टन फाटकातून शिरून ओकाउक्वेयो गाठायचे असेल, तर असा सल्ला देणाऱ्याने तो रस्ता पाहिलेलाच नाही, असे खुशाल समजावे.

हे अंतर सुमारे 190 किलोमीटर आहे. उद्यानातील वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर असल्याने कागदावर तीन-सव्वातीन तासांचा हिशेब बसतो. प्रत्यक्षात पांढऱ्या चुनखडीच्या त्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या होत्या. वेग वाढवला की मागची चाके बाजूला सरकत आणि कमी केला की गाडीचा एकेक खिळा वेगळा वाजे. त्यात सूर्यास्तापूर्वी तळाच्या आत पोहोचणे बंधनकारक असल्याने प्राणी दिसूनही थांबता येत नाही, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला हेच कळेनासे होते.

वाटेतला ऑलिफांट्सरुस हा तंबूंचा तळ मागे पडल्यावर आमचा मागचा टायर फाटला. कुंपण घातलेल्या ठरावीक जागा सोडून गाडीबाहेर पाऊल ठेवण्यास येथे मनाई आहे, आणि सिंहांच्या प्रदेशात ती मोडण्याची हौसही कोणाला नसते. मागून दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही काचा लावून बसलो. ती आडोशाला उभी राहून तिच्यातील मंडळी दुर्बिणीने झुडपे न्याहाळू लागली, तेव्हाच खाली उतरलो. जॅक खडीत रुतत होता, म्हणून त्याखाली स्वयंपाकाची लाकडी पाटी सरकवावी लागली. चाकाचे नट इतके आवळलेले होते की पान्यावर उभे राहून भार दिल्याशिवाय एकही हलला नाही. स्टेपनीत हवा निम्मीच होती.

त्यामुळे भाड्याची गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. जॅक प्रत्यक्ष लावून पाहावा, एक तरी नट सोडवून पाहावा, स्टेपनीची हवा मोजावी, हवा भरण्याचा पंप मागून घ्यावा आणि पाचही टायरांची छायाचित्रे काढावीत. शक्य असेल तर दोन स्टेपन्यांची, उंच बांधणीची गाडीच घ्यावी.

खरा फटका राजधानी विंडहुकला गाडी परत करताना बसला. ‘संपूर्ण विमा’ म्हणून विकलेल्या योजनेत टायर, काच आणि गाडीचा तळभाग धरलेलाच नव्हता. नव्या टायरची किंमत, त्यावर ‘हाताळणी शुल्क’ आणि वर धुळीने माखलेल्या गाडीच्या सफाईचा आकार, असे सगळे अनामत रकमेतून परस्पर कापले गेले. खडीच्या देशात टायर वगळणाऱ्या विम्याला संपूर्ण म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे. टायर आणि काचेचे वेगळे संरक्षण महाग वाटले तरी घ्यावे, आणि काय वगळले आहे ते सही करण्यापूर्वी लेखी मागावे. अनामत चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर रोखली जाते, हेही ध्यानात असू द्यावे. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. वाहतूक डावीकडूनच असल्याने ती अडचण नाही.

पूर्वेकडील भागाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. जून ते ऑक्टोबर या कोरड्या काळात पाणवठ्याशी इंजिन बंद करून बसावे, प्राणी आपणहून येतात. ‘बिग फाइव्ह’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस) दाखवण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्याला दुसरे गिऱ्हाईक शोधू द्यावे, कारण एतोशात रानम्हैस नाहीच. पाणघोडा आणि मगरही नाहीत. मात्र ओकाउक्वेयोच्या रात्री उजळलेल्या पाणवठ्यावर काळे गेंडे एकमेकांवर फुत्कारताना पाहिले आणि त्या क्षणी टायरचे पैसेही वसूल झाल्यासारखे वाटले. तेथील मुक्कामासाठी कितीही महिने आधी आरक्षण करावे लागले तरी करावे.

पश्चिमेकडे जायचेच असेल, तर ऑलिफांट्सरुसला तंबूत किंवा डोलोमाइट या पश्चिमेच्या तळावर खोलीत एक मुक्काम करून हा रस्ता दोन दिवसांत विभागावा. एवढा वेळ नसेल तर विंडहुकहून औट्योमार्गे दक्षिणेच्या अँडरसन फाटकानेच आत यावे. पश्चिम भागात पेट्रोल मिळत नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरून आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन घेऊनच गाल्टन ओलांडावे.