यंदाचं वाण जुन्या कपाटातून

आज आमच्या सोसायटीत हळदीकुंकू झालं. यंदा एकच अट होती: वाण विकत आणायचं नाही, घरात पडून असलेल्या वस्तूंतून हाताने करायचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी प्लास्टिकचे डबे लुटले जातात आणि माळ्यावर साठतात. ते मला खरंच बघवत नाही.

जुन्या जीन्सच्या पिशव्या आल्या, लग्नपत्रिकांची पाकिटं आली. पण सगळ्या थबकल्या त्या तळमजल्यावरच्या आजींच्या दुपट्यापाशी. विरलेल्या सुती लुगड्याचे थर एकावर एक, कडेपासून आत आत जाणारा बारीक धावदोरा, वरून लुगड्याच्याच काठाची पट्टी. हात लावला तर सायीसारखं मऊ! सुती कापड धुवून धुवून असं होतं, नव्याला ती सर नाही. बाकीचं वाण आम्ही चिठ्ठ्या टाकून वाटलं, दुपटं मात्र आजींनी चिठ्ठीत घालू दिलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंना सातवा लागलाय, थेट तिच्या ओटीत घातलं.

आजी रविवारपासून धावदोरा शिकवायला तयार आहेत. जुनी सुती पातळं, लुगडी, धोतरं असतील तर टाकून देऊ नका गं, घेऊनच या!