उजव्या पायाचा तिसरा महिना

खामल्यात आमच्या गच्चीवरून सोनेगावला उतरणारी विमानं दिसतात, म्हणून घरच्या संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्येही माझा सगळा सराव नागपूरच्याच धावपट्टीवर चालतो. सेसना १७२, धावपट्टी ३२ (म्हणजे सुमारे ३२० अंशांची दिशा), वारा २३० अंशांवरून १० नॉट, म्हणजे बरोब्बर डाव्या बाजूनं. एका इंजिनाच्या विमानाचं नाक टेकऑफला तसंही डावीकडे ओढतं. त्यात हा वारा शेपटीवर आदळून ते आणखी डावीकडे वळवतो. रडर (नाक वळवणारा शेपटीचा उभा पडदा, खऱ्या विमानात तो पायाच्या पेडलनं चालतो) भरपूर उजवा हवा, आणि त्याच वेळी एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारे पंखांवरचे पडदे, डावीकडे, वाऱ्याच्या बाजूला.

ट्विस्ट जॉयस्टिकवर, म्हणजे पिळली की रडर हलवणाऱ्या दांडीवर, मला हेच जमेना. मनगट उजवीकडे पिळलं की हातही तिकडेच कलायचा आणि डावा पंख उचलला जायचा. दोन वर्षं मी याला सराव कमी पडतो असं म्हणत राहिले. रडरची पेडल घ्यायचं ठरलं ते एका मित्राकडे तासभर पाय ठेवून बघितल्यावर.

निवड करताना पहिला प्रश्न टो ब्रेकचा, म्हणजे पेडलचा वरचा भाग चवड्यानं दाबून लावायच्या चाकांच्या ब्रेकचा. व्हीकेबी कंपनीच्या टी-रडर पेडलला ते नाहीत. ब्रेकचा लिव्हर स्टिकवरच असलेली जुनी लढाऊ विमानं उडवणाऱ्यांना चालून जातं. सेसनाचं पुढचं चाक नुसत्या पेडलनं १० अंशच वळतं, त्याहून तीव्र वळणाला एका बाजूचा ब्रेक दाबावाच लागतो. म्हणून मला ते हवेच होते. दुसरा प्रश्न पेडल किती हललं ते मोजणाऱ्या सेन्सरचा. पोटेन्शिओमीटर घासून चालतो, धूळ गेली की नाक थरथरतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर धूळ आणतोच. हॉल सेन्सरमध्ये चुंबक कशालाही टेकत नाही. पैसे जास्त गेले, पण मी तोच घेतला. पेडलमधलं अंतरही बघा. फार जवळ असली की गुडघे एकमेकांना लागतात आणि अर्ध्या तासात मांड्या दुखतात.

खरा वेळ खाल्ला तो फरशीनं. गुळगुळीत टाइल्सवर ब्रेक दाबला की पेडल पुढे आणि चाकांची खुर्ची मागे. रबरी चटई, दोरी, सगळं करून झालं. शेवटी सुताराकडून १८ मिलीमीटरची प्लायवूडची फळी कापून आणली, पेडल तिच्यावर स्क्रूनं बसवली आणि खुर्चीच्या चाकांमागे लाकडी गुटके ठोकले. आता पाय आणि पाठ एकाच फळीवर जोर देतात, काहीच हलत नाही. पेडलइतकाच विचार या फळीचा करा, असं मी प्रत्येकाला सांगते.

सॉफ्टवेअरमध्ये डेड झोन (पेडल हलूनही रडर हलत नाही तो मधला भाग) अगदी थोडा ठेवलाय आणि कर्व्ह (पायाच्या हालचालीला रडर किती हलावा याचं प्रमाण) मध्यभागी सौम्य केलाय. धावपट्टीच्या मध्यरेषेवर आता विमान टिकतं. उतरताना मात्र घोट्यात ताठरपणा येतो आणि चाकं टेकतानाच ब्रेक लागतात. टाचा फळीवर ठेवून फक्त चवड्यानं रडर द्यायचा सराव सुरू आहे. तो बसला की वारा १५ नॉट. १७२ च्या माहितीपुस्तकात चाचणीत उतरवून दाखवलेला आडवा वारा तेवढाच आहे.