दगडाला भोक न पाडता

परवा एका मैत्रिणीने माझं पेंडंट हातात घेऊन विचारलं, हा खडा मागून चिकटवलायस ना गं? म्हटलं नाही, एक थेंब गम नाहीये त्यात, नुसता दोरा आहे. तिला खरंच वाटेना. उलटं करून पाहिलं, नखाने टोकरून पाहिलं, हलवून कानाशी नेलं, आणि मग म्हणाली की पण पडत कसा नाही? तर त्याच्यावरच लिहिते आज, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी होईन.

मी करते ते टॅटिंग. क्रोशा नाही, मॅक्रमे पण नाही (मॅक्रमेचे लोक रागावतील पण दोन्हीच्या गाठी एकाच घराण्यातल्या आहेत). हातात एक छोटं शटल असतं, होडीच्या आकाराचं, आत दोरा गुंडाळलेला, आणि त्याने डाव्या हाताच्या बोटांवर ताणलेल्या दोऱ्यावर गाठींवर गाठी मारत जायच्या. त्या ओढल्या की रिंग होते, रिंगा एकमेकींना जोडल्या की लेस. आमच्या आजीच्या रुमालांना ही लेस असायची, उशीच्या अभ्र्यांना पण. मला तिने आठवीच्या मे महिन्यात शिकवलं आणि मी पंधरा दिवस नुसती रडले.

कारण त्यात एक गंमत आहे जी तोंडाने सांगून कळत नाही. शटलच्या दोऱ्याने तुम्ही गाठ मारता, पण मारल्या मारल्या ती गाठ उडी मारून दुसऱ्या दोऱ्यावर जायला पाहिजे. म्हणजे शटलचा दोरा ताठ सरळ, आणि बोटावरचा दोरा त्याच्याभोवती वळलेला. त्यासाठी डाव्या हाताची मधली बोटं क्षणभर सैल सोडायची, उजवा हात ताणायचा, की टक् करून गाठ पलटते. नाही पलटली तर रिंग ओढलीच जात नाही, बसली ती बसली. आणि टॅटिंगची गाठ सोडवणं म्हणजे शिक्षाच, सुई घेऊन डोळे फोडत बसायचं, बहुतेक वेळा कात्रीच घ्यावी लागते. आजी म्हणायची, "हात ऐकत नाही तोवर बोलू नकोस." सोळाव्या दिवशी ऐकला.

दगडांचं प्रकरण नंतरचं.

आम्ही राहतो वाघोलीच्या बाजूला. पुण्याबाहेरच्या लोकांना वाघोली म्हणजे ट्रॅफिक आणि टँकर एवढंच माहीत असेल, पण खनिजं गोळा करणाऱ्या जगभरच्या लोकांना हे नाव माहीत असतं, कारण इथल्या खाणीत कॅव्हन्साइट मिळतं, गडद निळे गोळे असतात, पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले, अक्षरशः निळीचा चुरा सांडल्यासारखे. पाषाणकडची हिरवी अपोफिलाइटं पण तशीच प्रसिद्ध. आपल्या काळ्या दगडात लाव्हा थंड होताना गॅसचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांमध्ये नंतर हे सगळं वाढलं. शेतात सापडते ती गारगोटी पण याच घरची. सिन्नरला तर खनिजांचं आख्खं म्युझियम आहे आणि त्याचं नावच गारगोटी, नाशिकला गेलात तर बघा, मुलांना घेऊन जा.

तर मला वाटलं आपल्याच मातीतले दगड आहेत, आपण दागिने करू. अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा पायथ्याशी विक्रेत्यांनी घेरलं होतं, त्यातल्या एकाकडून मी पीच रंगाचा स्टिलबाइट घेतला होता, तो काढला, ऑनलाइन मागवलेलं मिनी ड्रिल काढलं, पाण्याच्या वाटीत दगड धरला आणि लावलं. दहा सेकंदात त्याची बिस्किटासारखी दोन पापुद्रे झाली. नंतर वाचल्यावर कळलं की हा दगड एका दिशेने अगदी सहज फुटतो आणि कडकपणा (दगडांची एक ते दहाची मोजपट्टी असते त्यावर) जेमतेम साडेतीन ते चार, म्हणजे साध्या सुरीनेही ओरखडा उठेल. आपल्या घरातल्या धुळीत जे वाळूचे कण असतात ते सातचे! धूळ पुसली तरी चरे पडणार असल्या वस्तूची अंगठी करायची नसते एवढं शहाणपण आलं. कॅव्हन्साइटला तर हात पण लावत नाही मी, ते कपाटात काचेमागेच छान दिसतं.

दागिन्याला अकीक, म्हणजे अगेट, बरा. साडेसहा-सात कडकपणा, पॉलिश टिकतं, आणि गुजरातेत खंबातला त्याचं काम शेकडो वर्षं चालू आहे. दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या भागातून यायचा, आधी उन्हात वाळवायचे, मग मडक्यात घालून शेणीच्या आचेवर भाजायचे, की आतल्या लोहामुळे मळकट पिवळा दगड लालबुंद होतो. आपल्या तेरला आणि पैठणला सातवाहनांच्या काळातले मणी सापडलेत त्यात अकीक आहे, तेरच्या म्युझियममध्ये मी काचेला नाक लावून उभी होते, एवढूसा मणी आणि त्याला आरपार भोक, विजेशिवाय! पण याची दुसरी बाजू पण आहे. अकीक घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते आणि खंबातच्या कारागिरांना त्याने सिलिकोसिस होतो, बरा न होणारा आजार आहे. हे कळल्यापासून ड्रिल माळ्यावर गेलंय. पाण्यात धरून केलं तर चालतं असं म्हणणारे भेटतात, करू देत त्यांना, माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी नाही करणार. आणि वीस रुपयांना एक सर असे मणी दिसले की आता मी पहिल्यासारखी हरखून जात नाही.

मग भोकच नको ना. दगडाला लेसचा पिंजरा करायचा.

खडा समजा पंचवीस मिलिमीटरचा, मागून सपाट, पुढून फुगीर. मागच्या बाजूचा गोल आधी विणायचा, त्याच्या कडेला पिको म्हणजे दोऱ्याचे छोटे छोटे फासे सोडायचे. मग पुढचा गोल, तो मुद्दाम लहान, खड्याच्या पोटापेक्षा लहान, आणि विणता विणताच मागच्या पिकोंना जोडत जायचा. तीन चतुर्थांश झालं की खडा आत सरकवायचा आणि उरलेले तीन-चार जोड खडा आत असताना मारायचे. हे शेवटचे जोड म्हणजे बाळ हातात घेऊन कुलूप उघडण्यासारखं काम. पण झालं की खडा कुठेच जात नाही, पुढून यायला वाट नाही, मागून यायला वाट नाही. दोरा मी वीस नंबरचा वापरते, चाळीसचा जास्त नाजूक दिसतो (नंबर वाढला की दोरा बारीक होतो, उलटं आहे ते) पण आता चाळिशीनंतर चाळीस नंबर नको वाटतो.

मण्यांचं एक लक्षात ठेवा. शटल भरायच्या आधी मणी दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात, आणि रिंगच्या पिकोवर बसणारे मणी रिंग सुरू करायच्या आधी बोटांवरच्या फाशात घ्यावे लागतात. मध्येच आठवलं तर उपयोग नाही, दोरा तोडा आणि पुन्हा सुरू करा. मी एकदा सहा रिंगांचे तीस मणी मोजायचे तिथे एकोणतीस मोजले, आणि ते कळलं शेवटच्या रिंगला, रात्री पावणेबाराला. काय बोलले ते लिहीत नाही. आणि स्वस्तातले काचेचे मणी घेऊ नका हो, एक जाड एक बारीक, भोकाची कड ब्लेडसारखी, महिनाभरात दोरा कापते. दगडी मण्यांना पण हे असतं, दोन्हीकडून भोक पाडून मध्ये मिळवतात तिथे आत धार राहते. ओवायच्या आधी जुना दोरा घालून चार वेळा मागेपुढे ओढून बघा, तो पिंजला तर मणी बाद.

लेसचे कानातले ताठ राहायला आजी साबुदाण्याची खळ द्यायची, मी पण दिली, पावसाळ्यात झुरळांनी एक अख्खा जोड खाल्ला. तेव्हापासून पांढरा गम पाण्यात पातळ करून ब्रशने लावते, मागूनच. (मैत्रिणीला सांगितलं ते खरंच आहे, पेंडंटला हे लागत नाही.)

आता माझ्या एका फजितीबद्दल. दोन वर्षांपूर्वी एका ताईंनी त्यांच्या माहेरच्या शेतात सापडलेली गारगोटी आणून दिली होती, अंड्याएवढी नाही, बोरापेक्षा थोडी मोठी, दुधी, मध्ये एक राखाडी रेघ. वडील गेल्यावर शेत विकलं, त्याच्या आधी उचललेली. मी छान पिंजरा केला, शेवटची टोकं बांधली, अगदी जवळ कापली, वर सुपरग्लूचा थेंब दिला आणि निश्चिंत झाले. दोन महिन्यांनी फोन आला की बसमधून उतरल्यावर पाहिलं तर नुसती लेस गळ्यात, शेवटचा जोड सुटून तोंड उघडलेलं. त्या रागावल्या नाहीत, मला वाटलं रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पैसे परत केले, त्यांनी नको नको म्हणत घेतले, पण गारगोटी काय मी कुठून आणणार.

योगायोगाने त्याच आठवड्यात आईचा तन्मणी गाठवायला न्यायचा होता. पेठेत एक पटवेकर काका आहेत, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पूर्वी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून काम करायचे, आता गुडघ्यांमुळे स्टुलाला खिळा ठोकलाय, त्यात अडकवतात. मोती ओवायचा, गाठ मारायची, सुईच्या टोकाने ती गाठ सरकवत सरकवत मोत्याच्या अगदी बुडाशी नेऊन बसवायची, मग पुढचा मोती. म्हणजे मोत्यावर मोती घासत नाही आणि सर तुटला तरी एखादाच मोती घरंगळतो. मी बसल्या बसल्या माझी ती सुटलेली लेस दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "इथे गम कोणी लावला?" मी म्हटलं मीच. "गमाने दोरा कडक होतो, कडक झाला की जिथे गम संपतो तिथेच मोडतो. आणि शेपूट एवढं आखूड का कापलं? दोऱ्याची काटकसर केली का?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोरा वापरायच्या आधी एक रात्र वजन बांधून टांगून ठेवायचा, त्याला जे ताणायचंय ते तिथेच ताणून होऊ दे. शेवटच्या गाठीनंतर कापायचं नाही, टोक सुईत घेऊन आल्या वाटेने परत न्यायचं, निदान दोन बोटं, मध्ये मध्ये अर्धी गाठ मारत, आणि मग कापायचं. गम नाही म्हणजे नाही. पैसे विचारले तर तन्मण्याचे तेवढे घेतले.

त्या रात्रीपासून आमच्या किचनच्या खिडकीला दोरा लोंबतो, खाली बडीशेपेची डबी बांधलेली. नवरा विचारतो हे काय, मुलगी सांगते आईचा दोरा व्यायाम करतोय.

किमतीचं बोलायचं नव्हतं पण लिहिते. एका पेंडंटला मला सहा तास लागतात, त्यातला अर्धा तास फक्त टोकं आत घालण्याचा, जो कोणालाही दिसत नाही, दिसला तर तो चुकला असं समजायचं. प्रदर्शनात बायका खडा बघतात, कुठला आहे हो, ओरिजिनल आहे का, आणि खड्याच्या भावात दोन-अडीचशेला मागतात. खडा ऐंशीचाच आहे हो ताई, बाकीचं दोऱ्याचं आहे, असं म्हटलं की दोरा उचलून बघतात आणि म्हणतात दोरा तर रिळाने मिळतो. मी आता वाद घालत नाही. पोह्यांनंतर हात न धुता विणायला बसल्यामुळे हळदीचा डाग पडलेला एक तुकडा आहे माझ्याकडे, तो स्टॉलवर ठेवते, ज्यांना वाटतं सोपं आहे त्यांच्या हातात शटल आणि तो तुकडा देते, करा म्हणते एक गाठ. दोघी-तिघी खरंच शिकायला लागल्यात त्यातून.

मागच्या महिन्यात काकांच्या सुनेसाठी कानातले केले, लाल अकीक, कडेने बारीक सोनेरी मणी, माझ्या मते आजवरचं सगळ्यात स्वच्छ काम. नेऊन दिले. त्यांनी डबी उघडली, दोन्ही कानातले उचलले आणि पुढून बघितलेच नाहीत, सरळ उलटे करून चष्म्याजवळ धरले. बराच वेळ बघत होते. मग डाव्या कानातल्यावर नख ठेवलं आणि म्हणाले, "इथे जरा जास्त ओढलंय."

ओढलं होतं. त्या वेळी कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.